शालूचा लाल लालच राहावा म्हणून: फोटो एडिटिंगमध्ये कलर प्रोफाइल कसे सांभाळावेत

लग्नाच्या एकाच फोटोतला लाल शालू चार ठिकाणी चार रंगांचा दिसतो. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर भडक, स्टुडिओतल्या मॉनिटरवर ठीकठाक, नवरीच्या भावाच्या फोनवर गुलाबीकडे झुकलेला आणि कोल्हापूरहून छापून आलेल्या अल्बमात विटका. मग गिऱ्हाईक अल्बम उघडून विचारते, "दादा, आमचा शालू असला नव्हता की ओ?" स्टुडिओवाला लॅबला फोन लावतो, लॅबवाला म्हणतो फाइलच तशी आली होती. बहुतेक वेळा दोघेही खरेच बोलत असतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात फोटोचे काम म्हणजे लग्न, मुंज, बारसे, गणपती, शिवजयंतीची मिरवणूक आणि शहापूर-वडगावच्या साड्यांचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे कॅटलॉग. रंग चुकला की यातल्या प्रत्येक कामात पैसे अडकतात. साडीचा तर मालच परत येतो, "फोटोत वेगळी होती" म्हणून. फोटोशॉप किंवा लाइटरूम रोज वापरणाऱ्या, पण प्रोफाइलची सूचना समोर आली की न वाचता ओके दाबणाऱ्या मंडळींसाठी हा लेख आहे.

आकडे तेच, रंग वेगळा

फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याचा रंग तीन आकड्यांत साठवलेला असतो: लाल, हिरवा, निळा. हीच आरजीबी, आणि यातला एकेक रंग म्हणजे चॅनेल. आठ बिटच्या फाइलमध्ये प्रत्येकाला ० ते २५५ एवढी जागा. पण "लाल २५५" म्हणजे नेमका किती लाल, हे आकडा सांगत नाही. ते कलर स्पेस सांगते. प्रोफाइल ही त्या कलर स्पेसची फाइलला जोडलेली ओळख. ती कशी लिहायची याचे नियम आयसीसी (इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम) ही संस्था ठरवते. अ‍ॅडोबी, अ‍ॅपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट अशा आठ कंपन्यांनी ती १९९३ साली स्थापन केली.

आपल्या कामात चारच कलर स्पेस येतात. एसआरजीबी एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये मांडली. वेब, फोन आणि बहुतेक फोटो लॅब याच जागेत चालतात. अ‍ॅडोबी आरजीबी १९९८ ची, हिरव्या-निळसर बाजूला एसआरजीबीपेक्षा बरीच मोठी. प्रोफोटो आरजीबी कोडॅकची, एवढी अवाढव्य की तिच्यातले काही रंग माणसाच्या डोळ्याला दिसतच नाहीत. चौथी डिस्प्ले पी३. अलीकडच्या आयफोनच्या आणि मॅकच्या स्क्रीन तिच्या जवळपास जातात.

आता शालूकडे या. एसआरजीबीमधला सगळ्यात शुद्ध लाल म्हणजे २५५, ०, ०. हाच रंग, डोळ्याला अगदी तसाच, अ‍ॅडोबी आरजीबीमध्ये २१९, ०, ० असा लिहिला जातो. प्रोफोटोमध्ये तो साधारण १७९, ७०, २७ होतो. जोवर फाइलला प्रोफाइल चिकटलेले आहे आणि समोरचे सॉफ्टवेअर ते वाचते, तोवर तिन्ही फाइली सारख्याच दिसतात. प्रोफाइल गळून पडले की समोरचे यंत्र गृहीत धरते की हे एसआरजीबीच आहे. मग २१९ चा लाल मंद पडतो आणि प्रोफोटोचा १७९, ७०, २७ हा सरळ भाजलेल्या विटेसारखा तपकिरी होतो. विटक्या शालूच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ इथे असते. शाई, कागद, मशीन यांचा नंबर नंतर लागतो.

आधी स्क्रीन

सॉफ्टवेअरची एकही सेटिंग बदलण्याआधी मॉनिटर सरळ करा. वाकड्या मॉनिटरवर रंग 'सुधारणे' म्हणजे चांगली फाइल हाताने बिघडवणे.

खोलीपासून सुरुवात करा. मॉनिटरवर खिडकीचा उजेड थेट पडू देऊ नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर बाहेरचा उजेड तासातासाला पालटतो, तेव्हा पडदा ओढून ट्यूबलाइट लावणे परवडते. भिंत भडक निळी किंवा पोपटी असेल तर तिची झाक डोळ्यात उतरते, म्हणून निदान मॉनिटरच्या मागची भिंत करडी किंवा पांढरी असावी. विंडोजमधले 'नाइट लाइट' बंद करा. मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूतले 'व्हिव्हिड', 'सिनेमा', 'आय केअर' असले मोडही बंद.

कॅलिब्रेटर नावाचे छोटे उपकरण स्क्रीनवर टेकवून रंग मोजता येतात. कॅलिब्राइट आणि डेटाकलर या दोन कंपन्यांची उपकरणे नेहमी दिसतात. पद्धत अशी: मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा, तापू द्या. सॉफ्टवेअरमध्ये पांढऱ्याचे लक्ष्य डी६५ म्हणजे ६५०० केल्विन, गॅमा २.२ आणि उजेड १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर ठेवा. काम मुख्यतः छपाईचे असेल तर ८० ते १०० सुद्धा चालेल. मोजणी झाली की तयार झालेले प्रोफाइल विंडोजच्या 'कलर मॅनेजमेंट'मध्ये 'यूज माय सेटिंग्ज फॉर धिस डिव्हाइस' या चौकोनावर खूण करून डिफॉल्ट ठेवले आहे ना, ते पाहा. ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर अपडेट झाल्यावर हे पुन्हा तपासा. दोन मॉनिटर असतील तर दोघांचे प्रोफाइल वेगवेगळे. महिन्या-दीड महिन्याने मोजणी परत करा.

एका छोट्या स्टुडिओने हे उपकरण एकट्याने घ्यावे असे मला वाटत नाही. महिन्यातून अर्धा-पाऊण तासाचे काम आहे, बाकी दिवस ते कपाटात पडून राहते. एका गल्लीतल्या चार स्टुडिओंनी वर्गणी काढून एक घ्यावे.

ते होईपर्यंत? मॉनिटरच्या मेन्यूत 'एसआरजीबी' मोड असेल तर तो लावा. मग स्क्रीनवर कोरा पांढरा डॉक्युमेंट उघडा आणि शेजारी पांढरा कागद धरा. स्क्रीन कागदापेक्षा दिव्यासारखी उजळ वाटली तर ब्राइटनेस कमी करा. "प्रिंट काळी आली" ही नेहमीची ओरड निम्म्याहून अधिक वेळा इतक्यानेच थांबते, कारण प्रिंट काळी नसते, मॉनिटर जास्त उजळ असतो. स्वस्त लॅपटॉपच्या स्क्रीनवर मात्र हे सगळे करूनही रंगाचा अंतिम निर्णय घेऊ नये. तसले बरेच पॅनल एसआरजीबीसुद्धा पूर्ण दाखवत नाहीत.

कॅमेऱ्यातली सेटिंग

रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये, काढत असाल तर कॅमेऱ्याच्या मेन्यूतली कलर स्पेस फाइलवर परिणाम करत नाही, फक्त मागच्या स्क्रीनवरच्या प्रिव्ह्यूवर आणि हिस्टोग्रामवर (उजेडाच्या आलेखावर) करते. जेपेगमध्ये काढत असाल तर एसआरजीबीच ठेवा. कॅमेऱ्यात अ‍ॅडोबी आरजीबी लावली की फाइलचे नाव अंडरस्कोरने सुरू होते, हे ओळखून ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आणखी एक. मंगल कार्यालयातल्या एलईडी पार लाइटमध्ये लाल चॅनेल फार लवकर फुटतो, म्हणजे २५५ ला पोचून त्यातला पोत जातो. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू ठेवा आणि लालचा डोंगर उजव्या भिंतीला चिकटला तर एक्सपोजर कमी करा. चॅनेल तिथेच फुटला तर पुढे कुठलेही प्रोफाइल तो भरून देणार नाही.

फोटोशॉपची घडी एकदाच बसवा

'एडिट' मेन्यूत 'कलर सेटिंग्ज' उघडा. कंट्रोल, शिफ्ट आणि के. तिथे असे करा:

१. 'वर्किंग स्पेस'मध्ये आरजीबी: एसआरजीबी. 'मॉनिटर आरजीबी' किंवा मॉनिटरच्या नावाचे प्रोफाइल इथे चुकूनही निवडू नका. मॉनिटरचे प्रोफाइल विंडोज आणि फोटोशॉप आपसात पाहून घेतात, फाइलशी त्याचा संबंध नाही.
२. 'कलर मॅनेजमेंट पॉलिसीज'मध्ये तिन्ही ठिकाणी 'प्रिझर्व्ह एम्बेडेड प्रोफाइल्स'.
३. खालच्या 'आस्क व्हेन ओपनिंग' आणि 'आस्क व्हेन पेस्टिंग' या सगळ्या चौकोनांवर खुणा. त्रास वाटेल, पण फाइल वेगळ्या जागेतून आली आहे हे कळायचा हाच रस्ता.
४. 'इंटेंट' (नव्या जागेत न मावणाऱ्या रंगांचे काय करायचे ते) रिलेटिव्ह कलरिमेट्रिक आणि 'ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन' चालू.

आता सूचना समोर आली तर काय करायचे? 'मिसमॅच' असेल तर 'यूज द एम्बेडेड प्रोफाइल' निवडा. 'मिसिंग' असेल तर 'लीव्ह अ‍ॅज इज' करून आधी फाइल पाहा. फाइलच्या शीर्षकात 'आरजीबी/८' च्या पुढे चांदणी दिसली तर तिचे प्रोफाइल वर्किंग स्पेसपेक्षा वेगळे आहे. तिथे हॅशची खूण दिसली तर प्रोफाइलच नाही. एवढ्याशा चिन्हाकडे नजर टाकायची सवय लावली तर अर्धे घोटाळे छपाईआधीच सापडतात.

असाइन आणि कन्व्हर्ट

'एडिट' मेन्यूत ही दोन नावे एकाखाली एक आहेत आणि सर्वाधिक नासधूस यांच्याच गोंधळातून होते.

'असाइन प्रोफाइल' आकड्यांना हात लावत नाही, फक्त त्यांचा अर्थ बदलते. म्हणून स्क्रीनवरचा रंग लगेच पालटतो. 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' रंग तसाच ठेवायचा प्रयत्न करते आणि त्यासाठी आकडे बदलते. म्हणून स्क्रीनवर सहसा फारसा फरक जाणवत नाही.

स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे असेल तर शालूचा फोटो एसआरजीबीमध्ये उघडा, इन्फो पॅनल चालू करा आणि लाल भागावर कर्सर ठेवून आकडे टिपून घ्या. आता अ‍ॅडोबी आरजीबी असाइन करा. आकडे तेच, लाल एकदम पेटल्यासारखा. कंट्रोल झेड. आता अ‍ॅडोबी आरजीबीमध्ये कन्व्हर्ट करा. लाल आहे तसाच, पण आकडा घसरलेला.

नियम सोपा. फाइलला प्रोफाइल नाही किंवा चुकीचे आहे, तर असाइन. प्रोफाइल बरोबर आहे पण फाइल दुसरीकडे पाठवायची आहे, तर कन्व्हर्ट. असाइन केल्यावर रंग जिवंत झाला म्हणून कोणी खुश होऊन ती फाइल लॅबला पाठवली, तर लॅबच्या मशीनने प्रोफाइल वाचले नाही की तो सगळा जिवंतपणा तिथेच संपतो.

जिंप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हीच दोन कामे 'इमेज' मेन्यूतल्या 'कलर मॅनेजमेंट'मध्ये आहेत. फाइल उघडताना विचारले तर 'कीप' म्हणा.

लाइटरूममध्ये

इथे आत शिरल्यावर कलर स्पेस निवडायचीच नसते. डेव्हलप विभाग स्वतःच्या मोठ्या जागेत काम करतो, तिचा विस्तार प्रोफोटोएवढा. प्रश्न बाहेर पडताना येतो, दोन दारांवर.

पहिले दार फोटोशॉपकडे. 'प्रेफरन्सेस'मधल्या 'एक्स्टर्नल एडिटिंग'मध्ये टिफ, १६ बिट आणि प्रोफोटो असे असते. ते राहू द्या, पण १६ बिट सोडू नका. एवढी मोठी जागा आठ बिटच्या २५६ पायऱ्यांत बसवली की आकाशात आणि पडद्याच्या सावल्यांत पट्टे पडतात. तुमच्या कामात गिऱ्हाइकाला शेवटी जेपेगच जायचे असेल आणि रिटचिंगसुद्धा साधेच असेल, तर इथेही एसआरजीबी ठेवले तरी काही बिघडत नाही. लग्नाचा अल्बम करणाऱ्या स्टुडिओला अ‍ॅडोबी आरजीबीची गरज क्वचितच पडते, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यामुळे मिळणारे रंग लॅबच्या कागदावर फारसे उतरत नाहीत, गोंधळ मात्र नक्की वाढतो. अपवाद साड्यांचा, विशेषतः मोरपंखी आणि गडद हिरव्या रेशमाचा. चांगल्या इंकजेट प्रिंटरवर स्वतः नमुने छापणाऱ्याने तिथे मोठी जागा जरूर वापरावी.

दुसरे दार 'एक्स्पोर्ट'. 'फाइल सेटिंग्ज'मध्ये जेपेग, कलर स्पेस एसआरजीबी.

भंडारा, झेंडू आणि फुटणारे रंग

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेत भंडारा उधळतात तो क्षण घ्या. रॉ फाइलमध्ये त्या पिवळ्यात पोत असतो: कुठे दाट, कुठे हवेत विरलेला. एक्स्पोर्ट केल्यावर सपाट पिवळा डाग उरतो. असे होते कारण तो पिवळा एसआरजीबीच्या कुंपणाबाहेरचा असतो. आत आणताना निळा चॅनेल शून्याला आदळतो, लाल २५५ ला, आणि आजूबाजूच्या वेगवेगळ्या छटा एकाच आकड्यात कोंबल्या जातात. झेंडूच्या हारांचे, भगव्या झेंड्यांचे आणि कुंकवाचेही तेच.

इथे पुष्कळ जण इंटेंट बदलून 'पर्सेप्चुअल' करतात, म्हणजे रंग कापण्याऐवजी सगळे थोडे थोडे आत ओढायला सांगतात. त्याचा उपयोग होत नाही. नेहमीच्या एसआरजीबी आणि अ‍ॅडोबी आरजीबी प्रोफाइलमध्ये पर्सेप्चुअलचा तक्ताच नसतो, त्यामुळे काहीही निवडले तरी रंग कापलेच जातात. पर्सेप्चुअलला अर्थ येतो तो प्रिंटरच्या किंवा छापखान्याच्या प्रोफाइलकडे जाताना.

उपाय हाताने करायचा. लाइटरूममध्ये डेव्हलप विभागात एस दाबा, सॉफ्ट प्रूफिंग, म्हणजे निवडलेल्या प्रोफाइलमध्ये फोटो कसा दिसेल याची स्क्रीनवरची झलक, चालू होईल. प्रोफाइल एसआरजीबी निवडा आणि हिस्टोग्रामच्या उजव्या कोपऱ्यातले चिन्ह दाबा. कुंपणाबाहेरचे भाग लाल रंगात दिसतील. 'क्रिएट प्रूफ कॉपी' करून मूळ बाजूला ठेवा. मग एचएसएल (नव्या आवृत्त्यांत 'कलर मिक्सर') पॅनलमध्ये फक्त पिवळ्या आणि नारिंगीचे सॅच्युरेशन थोडे थोडे खाली आणा, त्यांचे ल्युमिनन्सही जरा उतरवा, आणि पोत परत दिसू लागला की थांबा. सगळ्या फोटोचे सॅच्युरेशन कमी करू नका, चेहरे मेल्यासारखे होतात. थोडी लाल खूण उरली तरी चालते; डोळ्याला पोत दिसतोय ना, ते महत्त्वाचे.

लॅबला आणि फोनवर

अल्बमची लॅब कोल्हापूरची असो, हुबळीची असो की पुण्याची, पहिल्यांदा काम देताना दोन प्रश्न विचारा: फाइल कुठल्या कलर स्पेसमध्ये हवी, आणि तुमच्या मशीन-कागदाचे प्रोफाइल मिळेल का. पहिल्याचे उत्तर बहुधा एसआरजीबी जेपेग असेच येईल. दुसरे मिळाले तर ते फक्त प्रूफसाठी वापरा: फोटोशॉपमध्ये 'व्ह्यू', 'प्रूफ सेटअप', 'कस्टम', आणि नंतर कंट्रोल वाय. लॅबने स्वतः सांगितल्याशिवाय फाइल त्या प्रोफाइलमध्ये कन्व्हर्ट करून पाठवू नका, नाहीतर तिकडे तेच रूपांतर दुसऱ्यांदा होईल.

बारा बाय छत्तीसचे पान ३०० डीपीआयला १०,८०० बाय ३,६०० पिक्सेलचे होते. सेव्ह करताना 'आयसीसी प्रोफाइल'वर खूण आहे ना, ते बघा. 'एक्स्पोर्ट अ‍ॅज'ने काढत असाल तर 'कन्व्हर्ट टू एसआरजीबी' आणि 'एम्बेड कलर प्रोफाइल' या दोन्हींवर.

पूर्ण अल्बम पाठवण्याआधी एक चाचणी छापून घ्या. एकाच आठ बाय बाराच्या पानावर नवरीचा चेहरा, लाल शालू, हिरवा चुडा, पांढरे धोतर आणि करड्या रंगाची एक पट्टी एवढे बसवा. प्रिंट आली की दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हात नव्हे, मॉनिटरशी ताडून बघा. करडी पट्टी हिरवट किंवा गुलाबी आली तर लॅबशी बोला. पट्टी करडीच आहे आणि सगळे फक्त काळे वाटते, तर परत मॉनिटरच्या ब्राइटनेसकडे जा.

गिऱ्हाइकाच्या फोनवर आपला ताबा नाही. बऱ्याच अमोलेड फोनमध्ये कारखान्यातूनच भडक मोड लावलेला असतो. साडीच्या व्यापाऱ्याला मात्र सांगता येते की डिस्प्ले सेटिंगमध्ये 'नॅचरल' मोड लावून बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर पसंतीचे फोटो पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी जाते. गॅलरीतून फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो.

पत्रिका आणि फ्लेक्स

छापखान्याचा मामला निराळा. तिथे चार शाया: निळसर, गुलाबी, पिवळी, काळी. यालाच सीएमवायके म्हणतात. फोटोशॉप मूळ सेटिंगवर असेल तर सीएमवायकेसाठी 'यूएस वेब कोटेड स्वॉप' निवडलेले असते, आणि ते अमेरिकेतल्या मोठ्या रीळ-छपाईचे प्रमाण आहे. आपल्या शीटफेड ऑफसेटला, चकचकीत कागदावर, कोटेड फोग्रा३९ हे युरोपातले प्रोफाइल अधिक जवळचे. पण आधी छापखान्याला विचारा. शिवकाशीला कॅलेंडर पाठवणार असाल तर तिकडच्या माणसाला विचारा. रूपांतर अगदी शेवटी, मूळ आरजीबी फाइल वेगळी ठेवून.

झळझळीत भगवा सीएमवायकेमध्ये थोडा मंद पडतोच. मंडळाच्या कार्यकर्त्यांना हे प्रूफ दाखवून आधीच सांगावे. तोच रंग हवा असेल तर वेगळ्या खास शाईचा खर्च पडतो.

पत्रिकेच्या मजकुराला विशेष जपा. आरजीबीतला शुद्ध काळा स्वॉपमध्ये कन्व्हर्ट केला की ७५, ६८, ६७, ९० होतो, म्हणजे बारीक अक्षरावर चार शायांचे मिळून ३०० टक्के. छपाईत एक प्लेट केसभर सरकली तरी मराठीतले अनुस्वार आणि मात्रा, कन्नडमधली गोलाई, सगळ्याला रंगीत कडा येतात. म्हणून मजकूर फोटोशॉपमध्ये टाकू नका. तो कोरल ड्रॉमध्ये, फक्त काळ्या शाईत, शंभर टक्के.

फ्लेक्सवाल्यांकडे मशीनचे रिप सॉफ्टवेअर (फाइल छपाईसाठी तयार करणारे) स्वतःच रूपांतर करते. आरजीबी द्यायचे की सीएमवायके, ते सांगतील तसे द्या आणि एक फूटभर तुकडा काढून बघा. वीस फुटांवरून बघायच्या बॅनरला यापेक्षा जास्त वेळ देऊ नये.

जुन्या हार्ड डिस्कवरच्या फाइली

पाच-सात वर्षांपूर्वीच्या लग्नाचा मोठा फोटो परत मागायला कोणी येते आणि फाइल उघडताच हॅशची खूण दिसते. आधी एसआरजीबी असाइन करून कातडीचा रंग बघा. नैसर्गिक वाटला तर काम झाले. सगळे फिके आणि हिरवट-मळकट वाटले तर अ‍ॅडोबी आरजीबी असाइन करून बघा. चेहऱ्यांवर तपकिरी-राखाडी कळा असेल तर प्रोफोटो. कॅमेऱ्याने दिलेले मूळ नाव शाबूत असेल आणि ते अंडरस्कोरने सुरू होत असेल, तर सरळ अ‍ॅडोबी आरजीबीपासूनच सुरुवात करा. बरोबर प्रोफाइल सापडले की एसआरजीबीमध्ये कन्व्हर्ट करा आणि नव्या नावाने, प्रोफाइलवर खूण करून सेव्ह करा. त्याच फोल्डरमधल्या बाकीच्या फाइली त्याच कॅमेऱ्याच्या असतील तर एक अ‍ॅक्शन रेकॉर्ड करून 'बॅच'ने सगळ्या एकदम काढता येतात. मात्र दोन कॅमेऱ्यांचे फोटो एकत्र असतील तर आधी ते वेगळे करा.